फारकतीच्या कागदावर वकील कोणाचा?

मागच्या सोमवारी, दुपारनंतर कोर्टातली गर्दी ओसरली तेव्हा एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हातात पाचशेचा कोरा स्टँप, पदराच्या गाठीत बकरी विकून आलेले सात हजार, आणि सोबत शाळा बुडवून आलेली मुलगी. म्हणाली, "बाई, यावर फारकत टाइप करून दे. नाहीतर सांग मले, वकील लावू का नको? दीर म्हन्ते वकिलाचं काही कामच नाई, दोघांच्या सह्या झाल्या का झालं."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टासमोर, लिंबाच्या झाडाखाली, मी सतरा वर्षं टायपिंग करते. अर्ज, शपथपत्र, वकीलपत्र, पुरसिस (पक्षकाराने कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन), नकलेचा अर्ज, जे येईल ते. वकील लावू का नको, हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतो. विचारणारी बहुतेक बाई असते, कधीकधी एखादा तरुण पोरगाही असतो, आणि दोघांच्याही प्रश्नामागे हिशेब असतो तो पैशाचा. कापूस वेचणीचे दिवस असले की एक तारीख म्हणजे एक रोज बुडाला. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेवढाच आधार. त्यात वकिलाची फी कुठून आणायची?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. घटस्फोटाला वकील प्रत्येक वेळी लागतोच असं नाही. पण ज्या कागदावर तुमची सही होणार, तो कागद फक्त तुमच्या बाजूने वाचणारं, कायदा कळणारं एक माणूस लागतंच लागतं. "आम्ही वकिलाशिवाय काम केलं" असं सांगणाऱ्यांचे कागद मी टाइप केलेले आहेत. त्यातल्या बहुतेकांच्या कागदाला वकील होता. तो समोरच्याचा होता.

आता या स्टँपबद्दल. शंभराचा होता तेव्हाही आणि ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला तेव्हाही, हिंदू विवाह कायद्याखाली लागलेलं लग्न त्यावर मोडत नाही. नोटरीचा शिक्का बसला, सरपंच आणि पोलीस पाटलाची साक्ष पडली, तरी नाही. १९५५ च्या या कायद्याप्रमाणे लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्याने. कलम २९ मध्ये रूढीने चालत आलेल्या फारकतीला जागा ठेवलेली आहे, आणि "आपल्या समाजात चालते" असं बैठकीत सांगितलं जातं ते त्याच आधारावर. पण ती रूढी जुनी आहे, अखंड आहे, समाजात सगळ्यांना मान्य आहे, हे कोर्टात पुराव्याने शाबीत करावं लागतं. ती वेळ येते दहा-बारा वर्षांनी, आणि तोवर साक्षीला सह्या करणारे म्हातारे निघून गेलेले असतात.

बौद्धांना हा कायदा लागत नाही, असाही एक समज आमच्याकडे पक्का आहे. लागतो. कलम २ मध्ये बौद्ध, जैन, शीख यांची नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. गोंड, कोलाम, कोरकू या जमातींचं मात्र वेगळं. अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागू होत नाही, त्यांच्यात रूढीला कायद्याचं वजन आहे. मुस्लिम बायकांचे कायदे आणखी निराळे, आणि खावटीचा, म्हणजे पोटगीचा, त्यांचा हक्क सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा एकदा पक्का केला. म्हणजे पांढरकवड्याकडच्या कोलाम बाईला जे सांगायचं ते दारव्ह्याकडच्या कुणबी बाईला सांगून चालत नाही. एकच स्टँप आणि एकच मजकूर, फक्त नावं बदलून, सगळ्यांना लावायचा हे आमच्याकडे सर्रास होतं. मीही पहिली काही वर्षं ते टाइप करून दिलं. आता देत नाही.

देत नाही याला कारण एक बाई आहे. २०१४ साली गावच्या बैठकीत तिची फारकत झाली, शंभराच्या स्टँपवर. तीन वर्षांनी तिने दुसरं लग्न केलं, रीतसर, मांडव घालून, आहेर-जेवण देऊन. दुसरा नवरा चांगला होता. पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि कापूस. दोन वर्षं सलग नापिकी झाली आणि कर्जापायी त्याने जीव दिला. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात शासनाकडून एक लाखाची मदत मिळते, तिचा अर्ज टाइप करायला ती माझ्याकडे आली. आठ दिवसांनी पुन्हा आली ती दिराचा आक्षेप घेऊन. हिचं पहिलं लग्न कोर्टातून मोडलेलंच नाही, सबब ही माझ्या भावाची बायको नाही, असं त्यात लिहिलं होतं. आणि कायद्याच्या भाषेत ते खोटंही नव्हतं, कारण पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम ११ खाली रद्दबातल ठरतं. तिने तो जुना स्टँप प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पत्र्याच्या पेटीत दहा वर्षं जपून ठेवला होता. तो उघडून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "हे पाय ना बाई, सह्या हायेत सगळ्यायच्या." सह्या होत्या. शाईही फिकी झाली नव्हती. तिचं प्रकरण अजून चालू आहे.

पुरुषांनाही हे लागू आहे, आणि त्यांच्यापर्यंत हे कमी पोचतं. स्टँपवर फारकत घेऊन दुसरं लग्न करणारा पोरगा स्वतःला मोकळा समजत असतो. पहिल्या बायकोने किंवा तिच्या भावाने मनात आणलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली तो आरोपी होतो, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा. लाडकी बहीणच्या केवायसीत नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक मागायला लागले, तेव्हा तर जुने स्टँप घेऊन बायका रांगेने माझ्याकडे आल्या. ही फारकत चालेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

स्टँप सोडून कोर्टात जायचं ठरलं की दुसरा सापळा लागतो. तो जास्त वाईट, कारण तो कायदेशीर दिसतो. कलम १३-ब, ज्याला सगळे "म्युच्युअल" म्हणतात. नवरा-बायको वर्षभर किंवा त्याहून जास्त वेगळे राहत असतील आणि दोघांनाही लग्न मोडायचं असेल तर दोघांनी मिळून एकच अर्ज द्यायचा. अर्ज दिल्यापासून सहा महिने थांबायचं, मग दुसरी तारीख, आणि हुकूमनामा. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे सहा महिने योग्य प्रकरणात माफही करता येतात. चांगली तरतूद आहे. आरोप नाहीत, साक्षी-उलटतपास नाही, कोणाच्या अब्रूचा पंचनामा नाही. अर्ज संयुक्त म्हणून वकीलही एकच, आणि वकील आणतो कोण? ज्याच्याकडे पैसे आहेत तो. आमच्याकडे तो बहुतेक मुलाचा बाप असतो. मुलीच्या बापाला सांगितलं जातं, "तुम्हाले एक रुपया खर्च नाही, पोरीले फक्त सहीले आना." मुलीचा बाप हात जोडतो. लग्नात कर्ज काढलेलं, ते अजून फिटायचं असतं; एक रुपया खर्च नाही हे शब्द त्याला देवासारखे वाटतात.

असा एक अर्ज मी चार वर्षांपूर्वी टाइप केला. मुलगी बी.ए. झालेली, सहा वर्षांचा मुलगा. वकिलाने हाताने लिहून दिलेला मजकूर होता, त्यातला नववा परिच्छेद असा: "अर्जदार क्र. २ हिला तिचे संपूर्ण स्त्रीधन, दागिने व भांडीकुंडी मिळालेली असून ती भविष्यात स्वतःकरिता अथवा मुलाकरिता कोणतीही खावटी अथवा मिळकतीत हिस्सा मागणार नाही." अर्जदार क्र. २ माझ्या बाजूच्या बाकावर बसली होती. माझी सवय आहे, टाइप झालं की एकदा मोठ्याने वाचते, चूक सापडते म्हणून. वाचलं तशी ती म्हणाली, "भांडी तर मिळाली. पण गोफ आणि पाटल्या त्यांच्याकडेच आहेत." वकिलाने मान वर न करता उत्तर दिलं, "तो फॉरमॅट आहे, सगळ्यांच्याच अर्जात असतो." तिने माझ्याकडे पाहिलं. मी कागद प्रिंटला लावला. तिने सही केली, ठळक, शिकलेल्या मुलीची सही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पाचव्या महिन्यात ती नकलेसाठी आली तेव्हा मात्र मी गप्प राहिले नाही. शेवटच्या हुकूमनाम्यापर्यंत दोघांचीही संमती टिकून राहावी लागते, कोणीही ती मागे घेऊ शकतो, हे सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच सांगितलेलं आहे. म्हणजे तिच्या हातात अजून एक महिना होता. मुलाची खावटी तर आईला सोडूनच देता येत नाही. तो हक्क मुलाचा असतो. तिला मी कोर्टाच्या इमारतीतच असलेल्या तालुका विधी सेवा समितीत पाठवलं. तिथून तिला एक वकीलबाई मिळाल्या, फुकट. त्यांनी संमती मागे घ्यायला लावली नाही. त्यांनी एवढंच कळवलं की या अटींवर माझी पक्षकार दुसऱ्या तारखेला होकार देणार नाही. पंधरा दिवसांत नव्या अटींची पुरसिस आली. पाटल्या परत आल्या, गोफ मोडला होता म्हणून त्याची रक्कम मिळाली, आणि मुलाच्या नावावर दोन लाखांची ठेव झाली. भांडण वाढलं नाही. सासरा दोन दिवस रागावला आणि मग सही करून गेला.

या प्रकरणात वकील बोलला किती वेळ, तर कोर्टासमोर चार-पाच मिनिटं. त्या बाईंचं खरं काम झालं ते नववा परिच्छेद वाचण्यात. वकील लावू का नको, असं विचारणाऱ्याला मी हेच सांगते की उभं राहायला वकील हवा की नाही ते पुढे पाहू. वाचायला हवा, आणि सहीच्या आधी हवा.

वकिलाशिवाय चालतं अशी प्रकरणं आहेत, ती नाकारून कसं चालेल? दोघंही कमावते, मूल नाही, एकत्र मिळकत नाही, दागिन्यांचं देणंघेणं मिटलेलं, दोघांनीही अर्ज स्वतः वाचलेला. अशांचं म्युच्युअल दोघांनी स्वतः उभं राहून पार पाडलेलं मी पाहिलं आहे. न्यायाधीश साधे प्रश्न विचारतात: सही तुमची आहे का, कोणाचा दबाव आहे का, एकत्र राहण्याची शक्यता आहे का. स्वतःची केस स्वतः चालवायचा हक्क प्रत्येकाला आहे. नागपूर, अमरावतीच्या कौटुंबिक न्यायालयांत तर १९८४ च्या कायद्याप्रमाणे वकील हा हक्कच धरलेला नाही, तिथे समुपदेशक असतात, पक्षकाराने स्वतः बोलावं अशी अपेक्षा असते. पण आमच्या तालुक्याला कौटुंबिक न्यायालय नाही. घटस्फोट चालतो दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यासमोर, खावटी आणि घरगुती हिंसाचाराचे अर्ज चालतात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, आणि शेजारच्या तालुक्यातल्या बाईला यातली एक तारीख तिकडे आणि एक इकडे. समुपदेशकाची खुर्ची इथे नाही. शहरातल्या माणसाने "कशाला हवा वकील" म्हणणं आणि इथल्या बाईने म्हणणं, यात एवढा फरक आहे.

घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालचा अर्ज संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन, वकिलाशिवाय करता येतो, आणि करावा. त्यात राहत्या घराचा आदेश मागता येतो, खर्च मागता येतो. खावटीचा अर्ज, जो आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये गेला तरी सगळे जुन्या कायद्यातल्या कलमावरून "एकशे पंचवीस"च म्हणतात, तोही बाई स्वतः दाखल करू शकते. दाखल होतो. अडतो तो पुढे, पुराव्याला.

कसा ते सांगते. एका खावटीच्या प्रकरणात नवऱ्याने जबाब दिला, मी शेतमजूर आहे, माझ्या नावावर इंचभर जमीन नाही. बाईकडे काही उत्तर नव्हतं, कारण सासरी असताना तिने कधी सातबारा पाहिला नव्हता. जमीन कोणाच्या नावावर, हा सुनेने विचारायचा प्रश्न नसतो. तिच्या वकिलाने नवऱ्याच्या बँक खात्याचा उतारा मागवला. त्यात दर चार महिन्यांनी दोन हजार जमा होत होते, पीएम किसानचे. ही योजना ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच मिळते. मग महाभूलेखवरून सातबारा निघाला, साडेतीन एकर, आणि जिनिंगला कापूस घातल्याच्या पट्ट्याही निघाल्या. उलटतपासात तीनच प्रश्न विचारले गेले. ती बाई एकटी असती तर मजुराची बायको म्हणून मजुरीवर खावटी ठरली असती. नोव्हेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं, आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असंही सांगितलं. उत्तम झालं. पण शपथपत्रात खोटं लिहिलेलं उघडं पाडायला कोणीतरी लागतं. समोरच्याने घटस्फोटाला विरोध केला असेल, क्रूरतेचे आरोप केले असतील, मुलाचा ताबा मागितला असेल, जमीन सासऱ्याच्या नावावर नेऊन ठेवली असेल, तर तिथे एकटीने उभं राहू नये. माझं यात दुमत नाही.

मग लोक वकिलाला एवढे का घाबरतात? घाबरतात कारण त्यांना अनुभव आहे. माझ्याच धाकट्या बहिणीचं प्रकरण घ्या. दुसऱ्या जिल्ह्यात दिली होती. तिथल्या एका वकिलाने पंधरा हजार घेतले, पावती नाही. प्रत्येक तारखेला फोन केला की सांगायचे, यायची गरज नाही, मी पाहून घेतो. चार महिन्यांनी कळलं की बहीणही हजर नाही आणि वकीलही हजर नाही म्हणून अर्ज गैरहजेरीत काढून टाकला होता. मी स्वतः कोर्टासमोर बसणारी बाई, रोज तारखांचे अर्ज टाइप करणारी, आणि मला माझ्या बहिणीच्या केसची तारीख पाहावीशी वाटली नाही, कारण वकील लावला आहे म्हटल्यावर आपण निर्धास्त होतो. दुसरा वकील करायचा म्हटलं तर पहिला कागद देईना. उरलेली फी टाका म्हणे, मग फाईल.

तेव्हा मला माहीत नव्हतं, आता प्रत्येकीला सांगते. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. सुप्रीम कोर्टाने २००० सालीच तसा निकाल दिला आहे. "खावटी मिळाली की त्यातले वीस टक्के माझे", असं ठरवायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात; आमच्याकडे ते उघड बोललं जातं, तेव्हा तिथूनच उठून यावं. फी किती, ती कशाकशाची, अर्ज दाखल होईपर्यंतची की निकालापर्यंतची, हे कागदावर लिहून घ्यावं. केस दाखल झाली की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो, तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते फुकट दिसतं. घरातल्या नववी-दहावीच्या पोराला ते दोन मिनिटांत जमतं. आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली केस चालवायचा खर्चच दुसऱ्या बाजूकडून मागता येतो. बायकोला नवऱ्याकडून, आणि नवरा खरंच निराधार असेल तर त्यालाही बायकोकडून. हा अर्ज पहिल्याच तारखेला द्यायचा असतो. बहुतेक वकील देत नाहीत, कारण बापाने शेळी-गाय विकून फी आणलेली असते.

वकिलांविरुद्ध माझ्या मनात अढी नाही. माझं पोट त्यांच्या कामावर चालतं आणि त्यांच्यात सोन्यासारखी माणसं आहेत. पण कोर्टाच्या आवारात पाऊल ठेवणारी बाई वकिलाकडे जाताना सावकाराकडे जावं तशी जाते, आणि ही भीती घालवायची जबाबदारी वकिलांचीही आहे.

आता फुकट वकिलाचं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या पुरुषालाही मिळतो, अपंगाला मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. त्यात टायपिंगचा, नकलांचा, समन्सचा खर्चही येतो, आणि त्या वकिलाने पक्षकाराकडून एक पैसा घ्यायचा नसतो. अर्ज तोंडी सांगितला तरी लिहून घेतात. १५१०० वर फोन केला तरी दिशा मिळते. एवढं सगळं असून बायका त्या खोलीपर्यंत का जात नाहीत? विचारलं की एकच उत्तर: "फुकटचा वकील मन लावून लढन का?" हा प्रश्न चुकीचा नाही. नेमलेल्या वकिलाला शासनाकडून जे मानधन मिळतं ते थोडं, आणि मिळतं ते उशिरा. चांगली प्रॅक्टिस असलेला वकील या यादीत नाव घालायला मागेपुढे पाहतो. तरीही सतरा वर्षांत मी जे पाहिलं त्यावरून सांगते, नव्या वकिलांत, विशेषतः मुलींत, काम शिकायची भूक असते, आणि वाचायला वेळ असतो. नववा परिच्छेद वाचला तो अशाच एका मुलीने.

म्हणून माझी मागणी आहे ती तालुका विधी सेवा समितीकडे आणि तिच्यावर बसलेल्या न्यायाधीशांकडे. कलम १३-ब चा कोणताही अर्ज दोघांच्या मिळून एकाच वकिलाने दाखल केला असेल, तर पहिल्या तारखेच्या आत, ज्याने वकील आणला नाही त्या पक्षकाराला समितीच्या यादीतल्या एका वकिलाने एकट्याला बसवून सगळ्या अटी वाचून दाखवाव्यात. मराठीत, आणि गरज असेल तिथे गोंडीत, कोलामीत, बंजारा बोलीत. सासरचं माणूस खोलीबाहेर. वाचून झालं की तसा अर्ध्या पानाचा दाखला फाईलला लागावा. याला नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. एका प्रकरणाला फार तर एक तास. यामुळे उशीर होईल, असं एका वकीलसाहेबांनी मला सांगितलं. पण माफी मिळाली नाही तर सहा महिने थांबायचेच असतात. त्यातला एक तास वाचनाला गेला तर कोणाचं काय अडतं? उलट, समजून केलेली सही टिकते. न समजता केलेल्या सहीवरून पुन्हा दहा वर्षं खटले चालतात, ते मीच टाइप करते.

गावच्या बैठकीलाही काम आहे. समाजाची चार जाणती माणसं बसून नवरा-बायकोचं पटवून देतात, दागिने परत करायला लावतात, दोन्ही घरांतली मारामारी टाळतात, हे मी पाहिलं आहे आणि त्याचा मला आदर आहे. बैठकीने बोलणी करावी. ठरलेलं तालुक्याला आणून कोर्टाच्या कागदावर चढवावं. स्टँपवर थांबू नये. आणि जी बाई कोर्टात जाते म्हणेल तिला वाळीत टाकायची धमकी देऊ नये. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्यात २०१६ चा कायदा आहे, आणि तो गुन्हा आहे.

सोमवारच्या त्या बाईला मी स्टँपवर काही टाइप करून दिलं नाही. तिच्या मुलीला बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि तिला घेऊन समितीच्या खोलीत गेले. लग्न कोणत्या साली, मुलं किती, शेती कोणाच्या नावावर, दागिने कोणाकडे, हे तिथल्या क्लार्कने विचारलं. शेतीच्या प्रश्नाला ती अडली, मुलीने गट नंबर सांगितला. शाळेच्या दाखल्यासाठी आजोबांबरोबर तलाठ्याकडे गेली होती म्हणे, तेव्हा पाहिला. अर्जावर अंगठा झाला. वकील अजून नेमून आलेला नाही, येत्या आठवड्यात येईल असं सांगितलं आहे. सात हजार तिने परत गाठीत बांधले. दिराने दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. स्टँप कोराच आहे. घरी नेला तर कोणी सही घेईल म्हणून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायला दिला आहे.